गर्दीचा हिशेब ठेवा, जीबीचा नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल डेटाच्या दरांवर आपल्या दैनिकात सध्या जी पत्रं छापून येत आहेत, ती मी नेमानं वाचते आहे. काहींचं म्हणणं, सगळ्यांना एकाच दरात हवा तेवढा डेटा द्या, मोजमाप नकोच. काहींचं म्हणणं, जो जास्त वापरेल त्यानं जास्त भरावं. जीबीमागे दर लावला की गर्दी आपोआप हटेल. माझी सगळी नोकरी मोबाइल नेटवर्कच्या रेडिओ विभागात झाली. टॉवर कुठे उभारायचा, अँटेना किती अंशांनी खाली झुकवायचा, कुठला सेक्टर, म्हणजे टॉवरच्या एका बाजूचा टापू, संध्याकाळी भरून जातो आणि का, हे बघणं हेच माझं काम. त्या अनुभवाच्या जोरावर सांगते, या दोन्ही मतांमध्ये मोजायची गोष्टच चुकली आहे. बिनतारी नेटवर्कमध्ये टंचाई असते ती गर्दीच्या तासातल्या हवेतल्या जागेची. दर लावायचा तर तिला लावावा, आणि फक्त तिलाच लावावा. हे नीट मांडण्यासाठी पत्राला थोडी जास्त जागा मागते आहे.

आधी ही जागा म्हणजे काय ते सांगते. फोर-जीचा एक सेक्टर २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालत असेल, तर त्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा १८० किलोहर्ट्झचा. आम्ही त्यांना पीआरबी म्हणतो. टॉवरमधला शेड्यूलर सेकंदातून हजार वेळा ठरवतो की यातले किती तुकडे कोणाच्या फोनला द्यायचे. सेक्टरमध्ये तीन माणसं असोत की तीनशे, तुकडे शंभरच. कंट्रोल रूमच्या पडद्यावर आम्ही याच शंभरातले किती भरले त्याचा आलेख बघायचो. पहाटे तीन-साडेतीनला रेघ जवळजवळ तळाला टेकलेली असते. दुपारी ती अर्ध्यावर येते, आणि रात्री माणसं निवांत होऊन फोन हातात घेतात तेव्हा नव्वदीच्या वर चढते. ती तिथे गेली की तक्रारी सुरू. पहाटे रिकामे गेलेले तुकडे कुठे साठवून ठेवता येत नाहीत. तो मिलिसेकंद गेला की त्याच्याबरोबर ते गेले.

आता बिलाकडे बघा. पहाटे तीनला कुणी २ जीबीचा चित्रपट उतरवून घेतला तर कोणाचंच काही अडत नाही. टॉवर उभा आहे, स्पेक्ट्रमचे पैसे आधीच ठरलेले आहेत, विजेचा थोडाफार फरक सोडला तर कंपनीला त्या चित्रपटाचा वेगळा असा खर्च जवळपास नाही. तोच चित्रपट रात्री नऊला त्याच सेक्टरमध्ये उतरवला तर शेजारपाजारच्यांच्या वाट्याचे तुकडे त्यात जातात. बिलावर दोन्हीकडे २ जीबीच. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं जून २०१० मध्ये नव्या स्मार्टफोन ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद करून महिन्याचा कोटा ठरवून दिला. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. कोट्यानं काय होतं? ज्याचा कोटा संपत आला आहे तो महिनाअखेरीस पहाटेसुद्धा हात आखडतो, तेव्हा हवा रिकामी असते. आणि महिन्याच्या पहिल्या रात्री कोणीच हात आखडत नाही, तेव्हा ती तुडुंब असते. गर्दीवर उपाय म्हणून हे अगदीच कुचकामी आहे.

सरसकट अमर्याद योजनेचीही तीच गत. तिथे किंमत नाहीशी होत नाही, ती पैशांऐवजी खोळंब्यात चुकवावी लागते. इंटरनेट टेलिफोनवरून डायल करून जोडावं लागे त्या काळात, डिसेंबर १९९६ मध्ये, एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं तासांचा हिशेब सोडून महिन्याचा एकच दर केला, आणि लोकांना कनेक्शनसाठी फोन लावला की एंगेज टोन ऐकू यायला लागला. एकदा जोडलेला माणूस फोन ठेवेना, कारण ठेवायला काही कारणच उरलं नव्हतं.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञानं १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी गर्दीच्या वेळेप्रमाणे बदलणारं भाडं सुचवलं होतं. त्याचा मुद्दा सरळ होता. गर्दीत शिरणारा माणूस स्वतःला होणारा उशीर जाणतो, पण त्याच्या शिरण्यानं बाकीच्यांना जो उशीर होतो तो त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. दर लावायचा तो या दुसऱ्या उशिराला. विकरीला १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत तो वारला. त्याची सूचना न्यूयॉर्कच्या रेल्वेनं मानली नव्हती, पण सिंगापूरनं १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी येणाऱ्या गाड्यांवर आकार लावून तत्त्व चालतं हे दाखवलं होतं.

नेटवर्कच्या जगात हाच धडा ऑक्टोबर १९८६ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून एकदम ४० बिटवर आला. प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यानंच रस्ता आणखी तुंबत होता. तिथल्याच व्हॅन जेकबसन या संशोधकानं १९८८ मध्ये जो उपाय मांडला तो आजही आपल्या फोनमध्ये चालतो: पॅकेट हरवलं की गर्दी आहे असं समजून वेग कमी करायचा. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९७-९८ च्या सुमारास दाखवून दिलं की गर्दीची ही खूण म्हणजे एक प्रकारची किंमतच असते. प्रत्येक जोडणी ती किंमत वेग कमी करून भरते, आणि सगळ्यांनी प्रामाणिकपणे भरली तर जागेची वाटणी बरीच न्याय्य होते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण 'नेटवर्कमध्ये किंमत आणू नका' या म्हणण्याला त्यात उत्तर आहे. किंमत आधीपासून आहे. फक्त ती भरणं ऐच्छिक आहे. एखादं ॲप एकाच वेळी दहा-बारा जोडण्या उघडून बसलं तर तेवढ्या पट वाटा ते उचलतं, आणि सभ्यपणे एकाच जोडणीवर चालणारं ॲप मागे पडतं.

आता व्हिडिओबद्दल, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. जगभरच्या मोबाइल डेटात सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा व्हिडिओचा आहे. साधा फोन कॉल सेकंदाला १२.२ किलोबिटमध्ये बसतो. चांगल्या प्रतीचा चित्रपट सेकंदाला ५ मेगाबिट मागतो, म्हणजे चारशे कॉलांइतका. हे आकडे ऐकले की कुणालाही वाटतं, सगळ्या व्हिडिओवर जास्त दर लावा आणि प्रश्न मिटवा. इथेच मोठी गफलत होते. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट शेन्कर यांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली ती इथे उपयोगी पडते. त्यांनी विचारलं, वेग कमी झाला तर वापरणाऱ्याचं नुकसान कसकसं वाढतं? फाइल उतरवणाऱ्याचं फारसं नाही. पाच मिनिटांच्या जागी आठ लागतील. बोलणाऱ्याचं मात्र एका मर्यादेनंतर एकदम सगळंच जातं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संभाषणात आवाज एका बाजूनं पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर चालतं. ४०० च्या पुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात.

चित्रपट या दोन्हींच्या मधे आहे, आणि तंत्रज्ञानानं त्याला बराच लवचीक केला आहे. आज ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या प्रतींमध्ये तयार असतो, आणि फोन हवेतली गर्दी बघून पुढचा तुकडा कुठल्या प्रतीचा घ्यायचा ते ठरवतो. शिवाय पुढचे काही तुकडे आधीच आणून ठेवतो. त्यामुळे हवेत दोन-चार सेकंद खंड पडला तरी चित्र थांबत नाही. मार्च २०२० मध्ये युरोपीय आयोगानं विनंती केल्यावर नेटफ्लिक्सनं युरोपात बिटरेट खाली आणला आणि नेटवर्कवरचा भार २५ टक्क्यांनी कमी होईल असं सांगितलं. एका विनंतीवर एवढी जागा मोकळी होऊ शकते. मग रोज रात्री ती मोकळी करण्याचं कारण ग्राहकाला कोणी देतच नाही, याचं मला वाईट वाटतं. छोट्या पडद्यावर खालच्या प्रतीत समाधानानं बघायला तयार असलेली पुष्कळ माणसं असतील. पण तसं केल्यानं त्यांचा एक पैसाही वाचत नाही.

या सगळ्याहून वेगळा असा एक व्हिडिओ आहे, आणि त्याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. आमचं बोलणं खुणांच्या भाषेत होतं. तो दुसऱ्या गावी असतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल हाच आमचा फोन. खुणांच्या भाषेत हात जेवढं बोलतात तेवढाच चेहरा बोलतो. हातांची खूण तीच ठेवून भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो. आमच्या वडिलांच्या आजारपणात एका रात्री, ऐन गर्दीच्या वेळी, मी त्याला विचारलं, 'ऑपरेशन उद्या आहे?' डॉक्टर माझ्याशी बोलले नव्हते, त्याच्याशी बोलले असतील असं मला वाटलं. चित्र अडखळत होतं. हात त्याला दिसले, भुवया दिसल्या नाहीत. त्याला कळलं ते असं, 'ऑपरेशन उद्या आहे.' तो रात्रीच निघाला आणि सकाळी घाबराघुबरा येऊन दारात उभा राहिला. ऑपरेशनची तारीखच तेव्हा ठरलेली नव्हती.

इंजिनिअर म्हणून मला त्या रात्री काय झालं ते अचूक सांगता येतं. आयटीयूनं १९९९ मध्येच खुणांच्या भाषेतल्या संभाषणासाठी व्हिडिओ कसा हवा याचं टिपण काढलं आहे. सेकंदाला वीस किंवा अधिक फ्रेम असल्या तर संभाषण नीट चालतं. बाराच्या खाली गेलं की अडतं. गर्दी झाली की कॉलचं ॲप चित्राची प्रत आणि फ्रेमची संख्या, दोन्ही उतरवतं. ऐकू येणाऱ्यांना त्यानं फरक पडत नाही, कारण आवाज चालू राहतो. माझ्या भावासाठी मात्र चित्र हाच आवाज आहे. बरं, हा कॉल टॉवरच्या रांगेत कुठे उभा असतो? फोर-जीच्या मानकात प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला एक वर्ग आहे, त्याला क्यूसीआय म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या फोन कॉलला क्यूसीआय १, म्हणजे १०० मिलिसेकंदांची हमी. संभाषणाच्या व्हिडिओसाठी क्यूसीआय २ ठेवलेला आहे, १५० मिलिसेकंदांचा. पण इंटरनेटवरच्या ॲपमधून केलेला कॉल तिथे जात नाही. तो जातो सरसकट सगळ्यांच्या वर्गात, बहुधा क्यूसीआय ९ मध्ये, जिथे कुणाचा चित्रपट, कुणाचं गेम उतरवणं आणि कुणाच्या फोनचं अपडेट उभं असतं.

नेटवर्कनं स्वतःच ओळखून त्याला पुढे काढावं, असं काही जण म्हणतील. ओळखणार कसं? आत काय आहे ते कूटबद्ध असतं, आणि असलंच पाहिजे. बाहेरून दिसतं ते एवढंच की हा व्हिडिओ आहे. तो व्हिडिओ किती निकडीचा आहे हे जगात फक्त एकाला ठाऊक असतं, तो पाठवणाऱ्याला. किंमतीचं खरं काम इथे सुरू होतं. ती माणसाला विचारते, तुझं हे आत्ताच जायला हवं का?

हा प्रश्न विचारायची एक टोकाची पद्धत जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात सुचवली होती. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्यानं बोली लिहायची, राउटरनं सगळ्यात वरच्या बोलीची पॅकेट आधी सोडायची, आणि सगळ्यांकडून आकार घ्यायचा तो सोडता न आलेल्या सर्वांत वरच्या बोलीइतका. गर्दी नसेल तर आकार शून्य. कागदावर ही रचना देखणी आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवावी अशीही आहे. पण ती प्रत्यक्षात कुठे रुजली नाही, आणि न रुजण्याची कारणं मला पटतात. क्षणाक्षणाला बदलणारा दर डोक्यावर घेऊन आईशी कोण बोलेल? बिल किती येणार हे आधी माहीत असावं असं माणसाला वाटतं, त्यासाठी तो दोन पैसे जास्त मोजायलाही तयार असतो. बर्कलीत प्रवीण वरैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी इंडेक्स नावाचा प्रयोग केला. वेगवेगळे वेग, वेगवेगळे दर, आणि माणसं खरोखर काय निवडतात त्याची नोंद. एकच सरसकट दर ठेवला की जागेची नासाडी होते हे त्यातून दिसलंच, पण प्रत्येकाची गरज किती वेगळी आहे हेही दिसलं. सरसकट एका दरात हलकं वापरणारा माणूस जास्त वापरणाऱ्याचा खर्च उचलत असतो.

गणिती अँड्र्यू ओडलिझ्को यांनी पॅरिसच्या मेट्रोवरून एक सोपा तोडगा सुचवला होता. १९९१ पर्यंत तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे अगदी सारखे होते. पहिल्याचं तिकीट महाग, एवढ्यामुळेच त्यात गर्दी कमी. तसंच नेटवर्कचे दोन भाग करा, एक महाग, एक स्वस्त. तारेच्या नेटवर्कवर ते कदाचित चालेल. हवेत मी त्याच्या विरोधात आहे. शंभर तुकड्यांतले तीस महाग डब्यासाठी बाजूला काढले, तर तो डबा रिकामा असतानाही उरलेले सत्तर तुंबलेलेच राहतात. फाइव्ह-जीमध्ये स्लाइसिंग, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या कामांसाठी भाग पाडणं, आलं आहे, त्यात तुकडे घट्ट बांधून न ठेवता गरजेप्रमाणे सरकवता येतात हे खरं. तरी पैसेवाल्यांची कायमची वेगळी रांग करायची आणि बाकीच्यांनी उरल्यासुरल्यावर भागवायचं, हा मार्ग मला मान्य नाही.

मग काय करावं? मला जे काही थोडे प्रयोग यशस्वी झालेले दिसतात, त्यांत एक गोष्ट समान आहे. दर वाढवायचा नाही, रिकाम्या वेळी सूट द्यायची, आणि ती सूट डोळ्यांसमोर ठेवायची. आफ्रिकेत एमटीएन कंपनीनं २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात साध्या फोन कॉलसाठी हे केलं. तुम्ही ज्या टॉवरखाली उभे आहात तिथे आत्ता किती सूट आहे तो आकडा फोनच्या पडद्यावरच दिसायचा, आणि रिकाम्या वेळी तो ९५ टक्क्यांपर्यंतही जायचा. भारतात युनिनॉर या मोबाइल कंपनीनंही असं काही काळ करून पाहिलं. डेटासाठी प्रिन्स्टन विद्यापीठात मंग चियांग आणि सहकाऱ्यांनी सुमारे पन्नास जणांवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवसाचे तासातासाचे दर आदल्या दिवशी जाहीर, आणि फोनवर ते रंगांत दिसणार. थांबू शकणारी कामं माणसं स्वतःहून स्वस्त तासांकडे सरकवतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

माझ्या मते याच्या पुढची पायरी मोजमापाची आहे, आणि ती पायरी सगळ्यांत महत्त्वाची. टॉवरवर गर्दी होऊ लागली की जाणाऱ्या पॅकेटवर तशी खूण करता येते. ती सोय इंटरनेटच्या मानकात २००१ पासून आहे. महिन्याभरात माझ्या किती बाइट अशा खुणा घेऊन गेल्या, एवढंच मोजावं. बॉब ब्रिस्को या इंटरनेट-संशोधकानं आणि इतरांनी यावर बरंच काम केलं आहे, त्याला कंजेशन व्हॉल्यूम म्हणतात. पहाटे उतरवलेले शंभर जीबी या मीटरवर शून्य दाखवतील. रात्री नऊला उतरवलेले दोन जीबी दिसतील. फोनमधली काही सॉफ्टवेअर आजही शहाण्यासारखी वागतात: गर्दीची चाहूल लागली की आपणहून मागे सरतात. लेडबॅट नावाची पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली ती यासाठीच, आणि मोठमोठी अपडेट तिच्यावर चालतात. पण या समजूतदारपणाचं आजच्या बिलात काही फळ नाही. गर्दीचा मीटर असेल तर असेल.

असा मीटर आला तर प्रत्येक ग्राहकाला गर्दीच्या वेळेचा सारखा कोटा द्यावा, रोजच्या बोलण्याला, शिकण्याला आणि साध्या वापराला पुरेल एवढा. गरिबानं अभ्यासासाठी पहाटे उठावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, ज्याच्याकडे वायफाय नाही, ज्याला फोन हीच एक खिडकी आहे, त्याच्या वाट्याची रात्री नऊची जागा आज इतरांच्या अपडेटमध्ये जाते आहे, ती त्याला परत मिळावी. रिकाम्या वेळचा वापर कोट्यात धरूच नये. ज्यानं कोटा राखला त्याला पैसे परत मिळावेत, ज्यानं ओलांडला त्यानं आधी सांगितलेल्या दरानं भरावेत. आणीबाणीचे कॉल हिशेबाबाहेर. खुणांच्या भाषेतल्या संभाषणाला वेगळा, मोठा कोटा आणि क्यूसीआय २ चा वर्ग, तोही ग्राहकानं मागितल्यावर. आत डोकावून बघून नव्हे. फोनवर एक साधी निवड असावी: 'थांबलं तरी चालेल.' ती एकदा लावली की अपडेट, बॅकअप आणि उतरवणं आपोआप रिकाम्या तासांत व्हावं.

एका ठिकाणी मी अर्थशास्त्राचं ऐकणार नाही. सेलच्या, म्हणजे टॉवर सांभाळतो त्या टापूच्या, कडेला, तळघरात किंवा डोंगराआड असलेल्या फोनला सिग्नल कमजोर मिळतो, म्हणून त्याला एका सिंबॉलमध्ये, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, २ बिटच पाठवता येतात. टॉवरजवळच्याला ६ किंवा ८ जातात. म्हणजे तेच गाणं कडेच्या माणसापर्यंत पोचवायला कितीतरी जास्त तुकडे लागतात. नेमका खर्च वसूल करायचा तर त्याच्याकडून जास्त घ्यायला हवेत. पण टॉवर त्याच्यापासून दूर आहे हा निर्णय त्याचा नाही, आमच्यासारख्यांनी नकाशावर बसून घेतलेला आहे. त्याची किंमत त्यानं का द्यावी? म्हणून तुकडे न मोजता बाइट मोजावेत, आणि कडेच्या खर्चाचा भार कंपनीनं स्वतः घ्यावा. तसं झालं तरच नवा टॉवर उभारण्याची निकड तिला वाटेल.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. गर्दीतून पैसे मिळू लागले तर कंपनी गर्दी का हटवेल? हा धोका खरा आहे. हर्बर्ट मोरिंग आणि मिचेल हार्विट्झ यांनी १९६२ मध्ये रस्त्यांच्या बाबतीत दाखवलं होतं की, काही ठरावीक परिस्थितीत, गर्दीच्या योग्य आकारातून जमणारा पैसा योग्य तेवढी क्षमता बांधायला बरोबर पुरतो. याचा व्यवहारातला अर्थ मी असा घेते, की ज्या सेक्टरमधून गर्दीचा आकार जमला तो त्याच सेक्टरची क्षमता वाढवण्यावर खर्च झाला पाहिजे आणि नियामकानं तो तपासला पाहिजे. सहा महिने नव्वदीच्या वर राहिलेल्या सेक्टरमध्ये नवा कॅरिअर (स्पेक्ट्रमचा आणखी एक पट्टा) किंवा नवी साइट (टॉवर) आली नाही, तर तिथला आकार बंद. ही अट नसेल तर माझा या सगळ्याला विरोध राहील.

आशयावरून दर वेगळा लावायला जागा असता कामा नये, हेही इथेच सांगते. अमुक ॲप फुकट, तमुक महाग, याला भारतात २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं मनाई केली, आणि युरोपात २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयानं अशा योजना नियमांत बसत नाहीत असा निकाल दिला. गर्दीच्या मीटरला आत काय आहे हे बघावंच लागत नाही, त्यामुळे त्या तत्त्वाला कुठे धक्का लागत नाही.

पुढच्या वेळी दरांवर सुनावणी होईल तेव्हा ग्राहक संघटनांनी कंपन्यांकडून एवढं तरी मागून घ्यावं: आपापल्या भागातल्या प्रत्येक सेक्टरच्या पीआरबी वापराचा तासागणिक आलेख, महिन्याच्या महिन्याला, सगळ्यांना बघता येईल असा. तो कंपन्यांकडे तयार असतो, रोज छापून निघू शकतो. आणि आपणही योजनांची तुलना छापता तेव्हा जीबीच्या रकान्याशेजारी रात्री नऊला प्रत्यक्ष मिळणारा वेग आणि कॉलचा विलंब असे दोन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपली,
रेडिओ नेटवर्क विभागातील एक निवृत्त अभियंता